१७ जानेवारी, आम्ही आणि सन्न गावचे साईं

१७ जानेवारीला आमच्याकडं हुतात्मा दिन असतो. सीमाभागातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही पण इथं पुण्या-मुंबईकडचे पण वाचतात म्हणून सांगतो. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार आणि बेळगाव-कारवारचा भाग तिकडं कर्नाटकात जाणार असं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी बेळगावात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि माणसं गेली. हुतात्म्यांच्या यादीत आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते पण आहेत. बाबा दरवर्षी मला घेऊन बेळगावला हुतात्मा चौकात जातात, हायवेनं तास-सव्वा तास लागतो, फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. आता वय झालं तरी चुकवत नाहीत.

२०२१ च्या १७ जानेवारीला असेच परत आलो आणि संध्याकाळी फॅमिलीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाकिस्तानातल्या कुठल्यातरी गावात मोर्चा चाललाय, हजारो लोक, डोक्यावर सिंधी टोप्या, खांद्यावर त्या लाल-निळ्या अजरकच्या शाली, आणि हातात फलकांवर मोदींचा फोटो, शेजारी आणखी दुसऱ्या देशांच्या पुढाऱ्यांचे फोटो. खाली सगळ्यांनी अंगठे आणि झेंडे टाकले. मी पण टाकला असता पण मला ते गाव कुठलं हे बघायचं होतं. शोधलं तर कळलं की गावाचं नाव सन्न, सिंधमध्ये जामशोरो जिल्ह्यात, सिंधू नदीच्या उजव्या काठावर. आणि मोर्चा होता जी. एम. सय्यद नावाच्या सिंधी पुढाऱ्याच्या जयंतीचा, तिकडं त्यांना मानानं साईं म्हणतात, जन्म १७ जानेवारी १९०४. तारीख वाचून मी जरा थांबलोच. सकाळी ज्या तारखेसाठी आम्ही फुलं घेऊन गेलो त्याच तारखेला तिकडं दुसऱ्या एका भाषेची माणसं आपल्या माणसाच्या नावानं रस्त्यावर उतरलेली.

तेव्हापासून मिळेल तसं या माणसाबद्दल वाचत आलोय आणि आज सगळं एकदा लिहून काढावं म्हणतोय, कारण आमच्या ग्रुपवर दरवर्षी तो व्हिडिओ येतो आणि दरवर्षी लोक त्यातला अर्धाच माणूस घेतात.

पहिली गोष्ट म्हणजे आमचं आणि सिंधचं सरकार एकेकाळी एकच होतं, हे मला शाळेत कुणीच शिकवलं नव्हतं. इंग्रजांच्या नेपियरनं १८४३ ला सिंध घेतलं, १८४७ ला ते मुंबई इलाख्याला जोडलं आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत ते तिथंच होतं. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार पण मुंबई इलाख्यातच. म्हणजे आमच्या आज्ज्याच्या रानाचा सारा आणि सन्नच्या रानाचा सारा वरती एकाच सरकारकडं जायचा. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथं असलेला बार्टल फ्रियर हा साहेब पुढं १८५० ला सिंधचा कमिशनर झाला आणि त्याच्याच काळात, १८५३ ला, ५२ अक्षरांची सिंधी लिपी ठरली. आणि शिक्षण खात्यात तिकडं गेलेला आपला एक मराठी माणूस, नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधी शाळांसाठी एवढा झटला की कराचीत आज पण त्याच्या नावाची शाळा उभी आहे. हे वाचताना छाती भरून आली खरं सांगतो. मराठी माणूस दुसऱ्याच्या गावात जाऊन त्या गावची भाषा शाळेत आणायला राबला. असं पण होऊ शकतं.

आता सय्यद. पूर्ण नाव गुलाम मुर्तझा शाह सय्यद. मोठं घराणं, जमीनदारी, वर पिराचा मान, म्हणजे गावोगावी मुरीद, शिष्य. वडिलांचा खून झाला तेव्हा हा तान्हा होता. शाळा अशी धड झालीच नाही, घरीच मास्तर यायचे. तरी १६ वर्षांचा असताना खिलाफत चळवळीची परिषद स्वतःच्या गावात भरवली. मग लोकल बोर्ड, मग १९३० ला सिंध हारी कमिटी. हारी म्हणजे तिकडचे कुळं, वाटेकरी, दुसऱ्याच्या रानात राबणारे. स्वतः एवढा मोठा जमीनदार आणि संघटना काढतोय कुळांची, मला हे ढोंग वाटत नाही, पुढं आयुष्यभर या माणसानं स्वतःच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी केल्यात, ही त्यातली पहिली.

सिंध मुंबईपासून वेगळं करा या मागणीत पण ते होते. मुंबई लांब, आमच्याकडं कुणी बघत नाही, आमची भाषा वेगळी. सिंधमधल्या बऱ्याच हिंदूंना ते नको होतं कारण मुंबईत राहिलो तर आपण सेफ असं त्यांना वाटायचं. दोघांचं पण समजू शकतं. १९३६ ला सिंध वेगळं झालं, १९३७ ला सय्यद असेंब्लीत निवडून आले आणि १९३८ ला मुस्लिम लीगमध्ये गेले.

इथून पुढची दहा वर्षं महत्त्वाची आणि तीच ग्रुपवरच्या व्हिडिओत नसतात.

१९३९ ला सक्करमध्ये मंझिलगाहचं प्रकरण झालं. नदीकाठी जुनी इमारत, मुसलमान म्हणाले ही मशीद आहे आम्हाला द्या, समोर नदीतल्या बेटावर साधबेलो हे हिंदूंचं मोठं देवस्थान. लीगनं सत्याग्रह केला, इमारत ताब्यात घेतली आणि सय्यद त्याच्या पुढाऱ्यांत होते. नोव्हेंबरात दंगा पेटला, सक्कर आणि आजूबाजूच्या खेड्यांत माणसं मेली, जास्त करून हिंदू. त्याच दिवसांत १ नोव्हेंबर १९३९ ला रुक स्टेशनवर भगत कंवरराम या संत गायकाला गोळ्या घातल्या. १ नोव्हेंबर. आम्ही काळा दिन पाळतो ती तारीख, फक्त आमची १९५६ ची, आमचा भाग तिकडं गेला ती. तारखांवर मी फार विश्वास ठेवणारा माणूस नाही पण या दोन तारखा डोक्यातून जात नाहीत.

त्यानंतर ते थोडे दिवस शिक्षणमंत्री होते, मग सिंध लीगचे अध्यक्ष, आणि ३ मार्च १९४३ ला सिंधच्या असेंब्लीत पाकिस्तानच्या मागणीचा ठराव त्यांनीच मांडला आणि पास करून घेतला. देशातली कुठलीच असेंब्ली तोपर्यंत असा ठराव करू शकली नव्हती, पंजाबची नाही, बंगालची नाही. पुढं पाकिस्ताननं ज्याला देशद्रोही म्हणून घरात कोंडलं तो माणूस पाकिस्तान मागणाऱ्या पहिल्या असेंब्लीचा ठराव मांडणारा.

मग बिनसलं. १९४५ ला इलेक्शनच्या तिकिटांवरून जिनांशी वाद, सय्यद म्हणत होते सिंधची तिकिटं सिंधमध्ये ठरतील, वरून नाही. जानेवारी १९४६ ला लीगमधून बाहेर काढलं. १९४६ म्हणजे तेच वर्ष ज्या वर्षी बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन ठराव, दोन गावं. आमचा ठराव आजपर्यंत अर्धाच पुरा झालाय आणि त्यांचा पूर्ण झाला तो त्यांना नको होता तसा.

पाकिस्तान झाल्यावर पहिल्याच वर्षी, १९४८ ला, कराची सिंधपासून तोडून केंद्राच्या ताब्यात घेतली. वर मुंबईचं लिहिलंय ते परत वाचा म्हणजे मला हे वाचताना काय झालं असेल कळेल. मग ऑक्टोबर १९५५ ला वन युनिट. पूर्व बंगालची लोकसंख्या जास्त म्हणून तिच्या बरोबरीला पश्चिमेकडचे पंजाब, सिंध, सरहद्द, बलुचिस्तान सगळे एकत्र करून एकच प्रांत, राजधानी लाहोर. सिंध हे नावच नकाशावरून गेलं. नवीन बंधाऱ्यांखाली आलेल्या जमिनी लष्करातल्या साहेबांना आणि बाहेरच्यांना मिळाल्या. कराची विद्यापीठात सिंधीत पेपर लिहायला बंदी आली. पोरगं सिंधीत शिकून आलंय आणि परीक्षेत सिंधीत लिहायचं नाही.

इथं मला आमच्या घरातली गोष्ट सांगायचीच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी बाबांना घेऊन एका सरकारी ऑफिसात उतारा आणायला गेलो. कागद हातात आला, सगळा कन्नडमध्ये. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला. आमचं रान, चार पिढ्यांचं, त्यातल्या विहिरीचा दगड न दगड बाबांना पाठ, आणि कागदावरचं एक अक्षर कळत नाही. खिडकीतला पोरगा चांगला होता, त्यानं वाचून दाखवलं, पण घाईत दाखवलं. तीन वर्षांनी सोसायटीच्या कर्जाच्या वेळी कळलं की आडनावाच्या जागी शेजारच्या रानवाल्याचं आडनाव पडलंय. तीन वर्षं तो कागद आमच्या ट्रंकेत होता, वाचू शकणारं घरात कुणी नव्हतं म्हणून चूक तशीच. दुरुस्तीला हेलपाटे किती घातले ते विचारू नका. जिथं १५ टक्क्यांच्या वर लोक एखादी भाषा बोलतात तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळावेत असं भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेलं आहे, आणि आमच्या गावात मराठी १५ टक्के नाही, निम्म्याच्या पण वर आहे. माझं कन्नडशी भांडण नाही. माझी आत्या गोकाककडं दिली, तिची पोरं कन्नडच बोलतात आणि आमच्याच मांडीवर वाढलीत. पण बाबांचा तो कागद लांब धरलेला हात मला कराचीच्या त्या पोरांबद्दल वाचताना दिसला.

सय्यदांनी वन युनिटच्या विरोधात आघाडी काढली. लष्करशहा अयूब खान आला आणि १९५८ पासून जवळपास १९६६ पर्यंत त्यांना आत किंवा नजरकैदेत ठेवलं. बाहेर आल्यावर सूफी लोकांची बैठक काढली, धर्मावर असं पुस्तक लिहिलं की मुल्लांनी फतवे काढले, आणि ७१२ साली महंमद बिन कासीमशी लढताना पडलेला राजा दाहिर हा आमचा, सिंधचा वीर आणि कासीम हा परका आक्रमक असं उघड मांडायला लागले. पाकिस्तानात बसून. ज्या माणसानं मंझिलगाह केलं त्यानं हे म्हणायचं म्हणजे आतून काय काय मोडलं असेल. पाकिस्तानसाठी झटलो ही चूक झाली असं पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं.

१९६७ च्या मार्चमध्ये सिंधमधल्या हैदराबाद-जामशोरोच्या विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं, शेकड्यांनी पोरं पकडली, आणि शेवटी १ जुलै १९७० ला वन युनिट मोडलं, सिंध परत सिंध झालं. यात सय्यदांचा वाटा मोठा, पण त्याच वर्षीच्या इलेक्शनला ते पडले. लोकांनी मतं भुट्टोंना दिली. हे आमच्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. चळवळीच्या सभेला गर्दी आणि मतपेटीत दुसरंच काहीतरी, आम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीचं हे कितीदा बघितलंय.

१९७२ च्या जुलैमध्ये सिंध असेंब्लीनं सिंधी भाषेचं बिल पास केलं, ऑफिसात हळूहळू सिंधी आणायची, शाळेत चौथीपासून बारावीपर्यंत सिंधी आणि उर्दू दोन्ही. कराचीत फाळणीनंतर आलेले उर्दूवाले पेटून उठले, दंगे झाले, माणसं मेली. शेवटी भुट्टोंनी तडजोड केली की १२ वर्षं कुणाला सिंधी येत नाही म्हणून नोकरीत अडवायचं नाही. मला इथं दोन्हीकडं दिसतं. सिंधी माणूस स्वतःच्या घरात परका झालेला, आणि समोरचा उर्दूवाला पण घरदार सोडून आलेला, त्याला उद्या आपल्या पोराला नोकरी मिळंल का ही भीती. आमच्या १९८६ च्या कन्नडसक्तीच्या वेळी पण गोळीबारात माणसं गेली. भाषेचा कायदा पास करणारा कधीच गोळी खात नाही.

त्याच सुमाराला बांगलादेश झाला होता आणि सय्यदांनी आता सरळ सिंधुदेश, वेगळा देश, म्हणायला सुरुवात केली. जिये सिंध, म्हणजे सिंध जगो. तिथून पुढं मात्र मी त्यांच्याबरोबर चालू शकत नाही. आमच्या ग्रुपवर एका पोरानं लिहिलं होतं की आपण पण असंच पायजे. मी त्याला फोन करून सांगितलं, बाळा, आपल्याला देश वेगळा नकोय, आपल्याला आपल्याच देशात दुसऱ्या राज्यात जायचंय, घटनेतल्या वाटेनं. महाजन आयोगानं १९६७ ला जी २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सांगितलं त्यात आमची निपाणी होती, बेळगाव नव्हतं म्हणून महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, आणि २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. मी देवचंद कॉलेजला होतो, कॉलेज अर्जुननगरात महाराष्ट्रात आणि घर निपाणीत कर्नाटकात, सायकलवरून रोज दोन राज्यं व्हायची. आमचं दुखणं तेवढ्या सायकलच्या अंतराचं आहे, त्याला देश तोडायचं औषध कुणी आणू नये.

सय्यदांच्या शेवटच्या वीस वर्षांत पण डाग आहेत. १९८३ ला लष्करशहा झियांच्या विरोधात सिंधची खेडी पेटली, गोळ्या झेलल्या, तेव्हा सय्यद ही भुट्टोवाल्यांची भानगड आहे म्हणून बाजूला राहिले आणि झियांशी त्यांचं बरं आहे असं लोक बोलायला लागले. सिंधी माणसांनी हे त्यांना माफ केलं नाही आणि मला पण ते पटत नाही. १९८७ ला भारतात येऊन गेले. १९८९ ला सक्करच्या विमानतळावर त्यांच्या कार्यकर्त्यांनी पाकिस्तानचा झेंडा जाळला, परत अटक. १९९२ ला वाढदिवसाची सभा झाली की परत नजरकैद, ती शेवटपर्यंत सुटली नाही. २५ एप्रिल १९९५ ला कराचीच्या हॉस्पिटलमध्ये कैदेतच गेले, वय ९१. कोर्टात गुन्हा शाबीत न करता आयुष्यातली जवळपास ३० वर्षं कोंडून. ॲम्नेस्टीनं त्यांना विवेकाचा कैदी म्हणलं होतं. हिंसा करा असं ते सांगत नव्हते, मग नव्वदीच्या म्हाताऱ्याची एवढी भीती सरकारला कशाची होती?

हे सगळं वाचून झालं होतं आणि २०२२ च्या मेमध्ये भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलो. निपाणीची निम्मी लग्नं गांधीनगरच्या कापडावर होतात. कोल्हापूरजवळचं हे वळिवडे, महायुद्धात तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, ते गेले आणि त्याच जागी फाळणीतले सिंधी आले. बायका साड्या बघत होत्या, दीडेकशे तरी उलगडून झाल्या असतील. मी गल्ल्याशेजारी बसलो. तिथं मालकाचे वडील होते, पंच्याऐंशीच्या आसपासचे, भिंतीवर सिंध्यांचा देव झुलेलाल आणि शेजारी पायात घुंगरू बांधलेल्या माणसाचा फोटो, हार घातलेला. मी विचारलं, हे भगत कंवरराम ना? म्हातारबांनी मान वर करून बघितलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

मग बोलणं निघालं. सेहवानकडचे, आले तेव्हा दहा वर्षांचे. मी सन्नचं नाव काढलं, सय्यदांचं काढलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. पोरगा बिल करत होता, त्याच्याकडनं पेन घेतलं आणि रद्दी बिलाच्या मागं उजवीकडून डावीकडं काहीतरी लिहिलं, त्यावर टिंब दिलं, सावकाश.

"हे सन्न. आमच्या गावाच्या पुढं स्टेशन लागायचं."

मग म्हणाले, "साईंनी ठराव मांडला तेव्हा आम्हाला कुठं विचारलं? माझा बाप दुकानाला कुलूप लावून चावी शेजारच्या मुसलमानाकडं देऊन आला, महिन्यात येतो म्हणून." परत थांबले. "पण नंतर साईं म्हणाले की आमचे हिंदू गेले आणि सिंध अर्धं झालं. हे तिकडं बसून बोलणारा दुसरा कोण होता सांगा."

मी विचारलं, राग आहे का मग? त्यांनी फोटोकडं बघितलं, हाराचं एक सुकलेलं फूल काढून खिशात टाकलं आणि पोराला ओरडून सांगितलं की पावण्यांचा चहा अजून आला नाही.

ते बिल मी घरी आणलं. नातवाला आज पण ते वाचता येत नाही असं म्हातारबा म्हणाले होते, नातू मराठी, हिंदी, इंग्लिश सगळं वाचतो. बाबांनी तो कागद हातात घेतला, तसाच लांब धरून बघितला.

"काय लिवलंय ह्यात?"

मी सगळं सांगितलं, ठराव, मंझिलगाह, नजरकैद, दुकानाची चावी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "लई चुकला तो माणूस. पण चुकलो म्हणून बोलला की." आणि कागद उताऱ्याच्या फायलीत ठेवायला दिला.

यंदा १७ जानेवारीला पहाटे थंडी बेकार होती. बाबा मफलर गुंडाळून आधीच दारात येऊन बसले होते, मांडीवर झेंडूची पिशवी.

"त्या सन्नवाल्याचा बी आजच वाढदिवस न्हवं?"

होय म्हणलं आणि गाडी काढली.